उटीची वाफेची गाडी आतून बघायची तर: इंजिन, शेड आणि पाण्याचे थांबे, कोणत्या क्रमानं

म्हैसूर-उटी करून बेळगावात परतलेली माणसं मला मोबाईलवर फोटो दाखवतात. निळे डबे, हिरवे डोंगर, खिडकीबाहेर काढलेले पोरांचे हात. "वाफेच्या गाडीत बसून आलो," असं कौतुकानं सांगतात. मी फोटो बोटांनी मोठा करून इंजिन शोधतो आणि बहुतेक वेळा ते डिझेलचं निघतं.

ह्यात त्यांना कुणी फसवलेलं नसतं. उटी स्टेशनवर गेले, कुन्नूरचं तिकीट काढलं, बसले, उतरले. पण उटी ते कुन्नूर ह्या वरच्या पट्ट्यात रोजच्या गाड्या डिझेल इंजिन ओढतं. वाफेचं इंजिन लागतं ते खाली, मेट्टुपालयम ते कुन्नूर ह्या चढाला. म्हैसूरकडून येणारा माणूस उटीला वरच्या अंगानं पोचतो आणि त्या पट्ट्यापर्यंत जातच नाही.

आम्हीही पहिल्या खेपेला हेच केलं. बरोबर आमचे तात्या होते, वडिलांचे थोरले भाऊ. मीटरगेजच्या काळात लोंढ्याला फायरमन, म्हणजे इंजिनाची आग सांभाळणारे, कॅसलरॉकचा घाट त्यांच्या अंगवळणी पडलेला. उटीच्या फलाटावर ते काठी टेकत इंजिनापर्यंत चालत गेले, एक नजर टाकली आणि परत येऊन बाकावर बसले. "हे नव्हे," एवढंच म्हणाले. दोन वर्षांनी त्यांना घेऊन पुन्हा गेलो, ह्या वेळी खालून. त्या दुसऱ्या खेपेला जे नीट जमलं आणि त्यानंतर आणखी दोनदा जाऊन जे कळलं, ते इथं टप्प्याटप्प्यानं लिहितो. सगळा खेळ क्रमाचा आहे. क्रम चुकला की पैसे तेवढेच जातात आणि इंजिन मात्र दिसत नाही.

## टप्पा १: आधी महिना ठरवा, मग सुट्टी

आपल्याकडं पाऊस म्हटलं की जून ते सप्टेंबर. दिवाळीच्या सुट्टीत आकाश मोकळं असतं, म्हणून सीमाभागातली बरीच घरं तेव्हाच सहल काढतात. निलगिरीच्या पूर्वेच्या उतारावर, जिथून ही गाडी चढते, हिशेब वेगळा आहे. तिथं ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो. दरडी रुळांवर येतात आणि मेट्टुपालयम-कुन्नूर गाडी कधी एका दिवसासाठी तर कधी कित्येक दिवस बंद राहते. त्या काळात कुन्नूर-उटी गाडी बऱ्याचदा चालूच असते, त्यामुळं "गाडी सुरू आहे" हे ऐकून निघालेली माणसं पुन्हा डिझेलमध्येच बसतात.

जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. हवा कोरडी आणि पहाटे थंडी. थंडीत वाफ पांढरीशुभ्र आणि दाट दिसते, उन्हाळ्यात ती लगेच विरते. संक्रांतीचे चार दिवस टाळा, तिकडं पोंगलची गर्दी असते. शाळेच्या परीक्षांमुळं मार्च जमत नसेल तर एप्रिल-मे चालेल, पण तिकिटाची मारामारी आणि घाटात वाहनांची रांग धरून चाला.

तपासा: निघायच्या आदल्या दिवशी "मेट्टुपालयम ते कुन्नूर चालू आहे का" असा नेमका प्रश्न विचारा. नुसतं "उटीची टॉय ट्रेन चालू आहे का" विचारलंत तर उत्तर दुसऱ्याच गाडीचं मिळेल.

## टप्पा २: सहलीची दिशा फिरवा

नेहमीचा क्रम असा: बेळगाव, म्हैसूर, बंडीपूर, उटी, कुन्नूर, परत. तो असा करा: बेळगाव, म्हैसूर, मेट्टुपालयम, मग वाफेच्या गाडीनं कुन्नूर, रस्त्यानं उटी आणि बंडीपूरमार्गे परत म्हैसूर. ठिकाणं तीच राहतात, फक्त डोंगर खालून वर चढायचा.

म्हैसूरपर्यंत बेळगावहून विश्वमानव एक्स्प्रेस आहे. पुढं गाडी भाड्यानं घेतलीत तर चामराजनगर, हासनूर, दिंबम घाट, सत्यमंगलम आणि मेट्टुपालयम असा रस्ता. दिंबमला सत्तावीस वळणं आहेत, गाडी लागणाऱ्यांनी पोट हलकं ठेवावं. हा रस्ता सत्यमंगलम व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतो. म्हैसूरहून दुपारी उशिरा निघून "रात्री पोचू की" म्हणणारी माणसं चेकपोस्टवर अडकतात. सकाळीच निघा.

रेल्वेनंच सगळं करायचं असेल तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूर, तिथून कोईम्बतूर आणि पुढं मेट्टुपालयमची लोकल. म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा मार्ग जास्त सुखाचा.

मेट्टुपालयमला आदल्या रात्री मुक्काम हवाच. गाडी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुटते आणि तुम्हाला तिच्या आधी तासभर फलाटावर असायचं आहे. कोईम्बतूरला राहून पहाटे टॅक्सीनं येण्याचा बेत कागदावर बरा दिसतो. प्रत्यक्षात तासभर आधी पोचणं होत नाही, आणि पडद्यामागचं सगळं काम त्या तासातच चालतं.

भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरला सामानासकट घाटरस्त्यानं कुन्नूरला पाठवा. रेल्वेचे डबे अगदी लहान, गुडघ्याला गुडघा लागतो, मोठ्या बॅगा कुठं ठेवणार? निलगिरीत जाणाऱ्या बाहेरच्या वाहनांना मे २०२४ पासून ई-पास लागतो. तो बेळगावहून निघण्याआधीच ऑनलाइन काढा आणि ड्रायव्हरच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिक आणि पाण्याच्या बाटल्याही चेकपोस्टवर काढून घेतात. स्टीलच्या बाटल्या न्या.

## टप्पा ३: तिकीट

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून सावकाश वाचा.

आरक्षणाच्या साइटवर "उटी" शोधू नका, स्टेशनचं नाव उदगमंडलम आहे. कोड यूएएम. मेट्टुपालयमचा कोड एमटीपी आणि कुन्नूरचा ओएनआर. "कुठून" ह्या रकान्यात मेट्टुपालयम असलंच पाहिजे. तिकीट हातात आल्यावर पहिली गोष्ट तीच बघा.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठ वाजता. गाडीला डबे मोजकेच असतात, त्यामुळं सुट्टीच्या दिवसांची तिकिटं त्याच सकाळी संपतात. माझी पद्धत अशी: आधी गाडीची तारीख ठरवतो, तिकीट मिळालं की मग त्या तारखेच्या मागंपुढं हॉटेल, म्हैसूरचं तिकीट, टॅक्सी. लोक उलट करतात. हॉटेल आधी, गाडी शेवटी, आणि मग प्रतीक्षायादीत लटकतात.

कुन्नूरपर्यंतचं काढायचं की उटीपर्यंतचं? तुमचा मुख्य हेतू इंजिन असेल तर कुन्नूरपर्यंत पुरे, कारण वाफ तिथंच संपते. पण कुन्नूरचं मिळत नसेल आणि उटीचं मिळत असेल तर बिनधास्त उटीचं घ्या आणि कुन्नूरला उतरा. आधीच्या स्टेशनवर उतरायला कुणी अडवत नाही.

सावध: उतरणीच्या गाडीचं, म्हणजे कुन्नूर ते मेट्टुपालयमचं तिकीट लवकर मिळतं म्हणून त्यावर समाधान मानू नका. इंजिन वाफेचंच असतं, पण सगळी कसरत चढावर असते. उतरताना ते मुख्यतः गाडी धरून ठेवतं.

## टप्पा ४: शेडची परवानगी

कुन्नूरचं लोको शेड, म्हणजे इंजिनं ठेवायची आणि दुरुस्त करायची जागा, स्टेशनला लागूनच आहे. फलाटावरूनही थोडंफार दिसतं, आणि तिथंच लोक चुकतात. "इतकं जवळ आहे" म्हणून सरळ रूळ ओलांडून आत शिरतात. शेड हे कामाचं ठिकाण आहे आणि आत जायला शेडच्या प्रमुखाची परवानगी लागते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणं परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत घुसणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हा मार्ग दक्षिण रेल्वेच्या सेलम विभागात येतो. जायच्या महिनाभर आधी विभागीय कार्यालयाला इंग्रजीत साधं पत्र लिहा. किती माणसं, वयं काय, कोणत्या तारखेला, कोणत्या गाडीनं कुन्नूरला पोचणार, काय बघायचं आहे. घरात कुणी रेल्वेत नोकरी केलेलं असेल तर तेही लिहा. तात्यांच्या वेळी मी त्यांच्या जुन्या ओळखपत्राची प्रत जोडली होती. पत्राची प्रत छापून बरोबर ठेवा.

उत्तर आलंच नाही तर कुन्नूरला उतरल्यावर आधी स्टेशन मास्तरांना भेटा आणि त्यांच्यामार्फत शेडच्या प्रमुखांना विचारा. चार-पाच माणसं, हातात पत्राची प्रत आणि बोलण्यात नम्रपणा असेल तर बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटं मिळतात. वीस जणांचा घोळका घेऊन गेलात तर नकार येईल आणि तो योग्यच असेल. नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका, पुढच्या टप्प्यांत बघण्यासारखं भरपूर आहे.

भाषेची भीती बाळगू नका. सीमाभागातल्या आपल्या माणसांना इथं एक फायदा आहे. निलगिरीतले बडगा लोक जी बडग बोलतात ती कन्नडच्या जवळची आहे. आपलं मोडकंतोडकं कन्नड तिथं हिंदीपेक्षा जास्त चालतं.

## टप्पा ५: घरी करायची तयारी

काय बघायचं हे आधी माहीत नसेल तर वाफेचं इंजिन म्हणजे नुसता धूर आणि शिट्टी. मुलांना चार गोष्टी घरीच समजावून न्या. त्यासाठी स्वयंपाकघरातला कुकर पुरतो.

कुकरच्या झाकणावर शिट्टीशिवाय एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आतलं पाणी आटलं आणि उष्णता वाढली की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफ बाहेर पडते. इंजिनाच्या फायरबॉक्सच्या, म्हणजे आग पेटते त्या पेटीच्या, छतातही असाच वितळणारा प्लग असतो. छतावर पाणी असेपर्यंत तो शाबूत. पाणी खाली गेलं की तो वितळतो, वाफ आगीवर सुटते आणि इंजिन बसतं. म्हणून पाण्याची पातळी हा इंजिनवाल्यांचा जीव की प्राण. तात्या सांगायचे, "इंजिनावर चढलास की आगीकडं बघायचं नाही. आधी काच." काच म्हणजे गेज ग्लास, बॉयलरमधलं पाणी दाखवणारी उभी काचेची नळी. अंधारात तिच्यासमोर दिवा धरून ते पाणी वाचायचे.

मुलांना एवढे शब्द पाठ असू देत: बॉयलर, फायरबॉक्स, गेज ग्लास, इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा), रेग्युलेटर (सिलिंडरकडं वाफ सोडणारा दांडा), सिलिंडर, पिस्टन. आणि रॅक, म्हणजे दोन रुळांच्या मधोमध बसवलेली दातेरी पट्टी. शब्द माहीत असले की मुलं प्रश्न विचारतात, आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाला इंजिनवाले स्वतःहून दाखवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कपडे सुती, गडद रंगाचे. पायात बंद बूट, चप्पल नको. पहाटेसाठी स्वेटर, डोक्याला टोपी. नायलॉनच्या ओढण्या आणि लोंबणारे पदर इंजिनाजवळ नकोत. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी रुमाल जवळ ठेवावा, बोगद्यांत धूर डब्यात येतो.

खायला कोरडं न्या. आम्ही दशम्या, शेंगाचटणी आणि भडंग नेतो. भडंगाचा डबा मात्र हिलग्रोव्हला उघडायचा नाही, कारण पुढं येतंच.

सावध: गाडीत शौचालय नाही. फलाटावर येण्याआधी सगळ्यांचं उरकून घ्या, विशेषतः लहान मुलांचं.

## टप्पा ६: म्हैसूरला थंड इंजिन

म्हैसूर स्टेशनजवळचं रेल्वे संग्रहालय १९७९ चं आहे. महाराणींचा सलून, म्हणजे त्यांचा खास रेल्वेचा डबा, बघायला लोक रांग लावतात. तो बघाच, पण आपलं काम बाहेरच्या इंजिनांपाशी. ईएस ५०६ ह्या इंजिनासमोर मुलांना उभं करा आणि घरी शिकवलेले भाग त्यांच्याकडून ओळखून घ्या: सिलिंडर कुठं, पिस्टनचा दांडा कुठं, चाकं कशी जोडली आहेत. इथं इंजिन थंड आहे, जवळ जाता येतं. पुढं मेट्टुपालयमला ते तापलेलं असेल आणि वेळ कमी असेल. साप्ताहिक सुट्टीचा वार आधी बघून ठेवा.

म्हैसूर वाटेत येत नसेल तर हुबळी स्टेशनजवळही २०२० पासून रेल्वे संग्रहालय आहे. बेळगावहून एका दिवसात जाऊन येता येतं, सहलीच्या आधीचा एखादा रविवार त्यासाठी काढा.

## टप्पा ७: मेट्टुपालयम, पहाटेचा तास

सहाला फलाटावर हजर. चेन्नईची निलगिरी एक्स्प्रेस साधारण त्याच सुमाराला येते आणि तिच्यातून उतरलेली माणसं छोट्या गाडीकडं लोटतात. सगळ्यांना आधी खिडकी हवी असते. तुमचं आरक्षण आहे, जागा कुठं पळत नाही. डब्यात सामान ठेवायला एकजण बसवा आणि बाकीच्यांनी इंजिनाकडं चला.

इंजिन कुठं? पुढं शोधत जाल तर सापडणार नाही. चढाच्या गाडीला ते शेवटी, उतरणीच्या बाजूला जोडतात आणि ते गाडी ढकलत नेतं. माझ्या मुलीनं विचारलं, "इंजिन मागं कशाला लावल्यात?" तात्यांनी तिला उताराच्या फळीवर चार काडेपेट्या ठेवल्यासारखं हातानं दाखवलं: डबे एकमेकांना जोडणारं कपलिंग तुटलं तर डबे खाली घसरतील, आणि खाली इंजिन उभं असेल तर त्याच्यावरच अडकतील.

आता डोळ्यांनी हा क्रम धरा.

पहिल्यांदा बाजू. प्रत्येक बाजूला दोन सिलिंडर आहेत, एकावर एक. खालचा चाकं फिरवतो, वरचा दातेरी चाकं. ह्या एक्स वर्गाच्या इंजिनाचं सगळं वेगळेपण इथं आहे. मुळात ही इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरची, पुढं तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यातही ह्या मार्गासाठी नवी बांधली.

मग तेल देणारा माणूस. हातात लांब चोचीचा डबा, खिशात सुती चिंध्यांचा बोळा. एकेका सांध्यावर दोन थेंब, चिंधीनं पुसणं, पुढचा सांधा. त्याच्या वाटेत उभे राहू नका, दोन पावलं मागून चाला.

मग धूर. सध्याची बरीचशी इंजिनं तेल जाळतात, अलीकडं कोळशावरचीही बांधली आहेत. फावड्यानं कोळसा टाकणारा फायरमन दिसेलच असं धरून जाऊ नका. तेलाच्या इंजिनावरही फायरमनचं काम तितकंच बारीक असतं. तो तेलाचा कॉक किंचित फिरवतो आणि चिमणीकडं बघतो. काळाकुट्ट धूर म्हणजे तेल जास्त, हवा कमी. फिकट करडा म्हणजे बरोबर. मुलांना धुराच्या रंगावर लक्ष ठेवायला सांगा, तासभर त्यांना दुसरं काही लागणार नाही.

शेवटी, ड्रायव्हरशी नजरानजर झाली आणि तो मोकळा दिसला तर नमस्कार करून फलाटावरूनच विचारा, "काच दाखवाल का?" वर चढायचा हट्ट नको. तात्यांनी आपली नोकरी सांगितली तेव्हा त्या ड्रायव्हरनं चिंधीनं गेज ग्लासचं आवरण पुसलं आणि बाजूला सरला. पाणी काचेत अर्ध्याच्या वर होतं, किंचित थरथरत. तात्या किती तरी वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ठीक आहे." जणू त्यांनाच गाडी न्यायची होती.

तपासा: सात वाजता, म्हणजे सुटायच्या दहा मिनिटं आधी, सगळे डब्यात. फोटोसाठी रुळांच्या बाजूला उतरायचं नाही. फलाट म्हणजे तुमची हद्द.

## टप्पा ८: कल्लार, जिथं दाते लागतात

मेट्टुपालयमहून पहिले सात-आठ किलोमीटर सपाट, नारळ-सुपारीच्या बागांतून. बहुतेक लोक इथं नाश्ता काढतात आणि कल्लार कधी गेलं ते त्यांना कळत नाही. तुम्ही मात्र कल्लार आलं की गप्प बसा आणि ऐका.

गाडी जवळजवळ थांबल्यासारखी हळू होते. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते, खरं तर शेजारीशेजारी दोन पट्ट्या, एकीचा दाता दुसरीच्या खाचेसमोर. इंजिनाखालचं दातेरी चाक त्यात बसावं म्हणून सुरुवातीचा तुकडा स्प्रिंगवर असतो. दात बसल्यावर खालून एक सलग घरघर सुरू होते आणि इंजिनाचा श्वास बदलतो. वरचे सिलिंडर कामाला लागलेले असतात. खालच्या सिलिंडरांतून वापरून बाहेर पडलेली वाफच त्यांना मिळते, म्हणजे एकाच वाफेकडून दोनदा काम.

इथून कुन्नूरपर्यंत चढ जास्तीत जास्त १२.२८ ला १. म्हणजे सव्वाबारा फूट पुढं गेलं की एक फूट वर. वेग ताशी तेरा किलोमीटरच्या आसपास. वळणावर मागं वाकून न बघता, खिडकीच्या आतूनच तिरपं बघा. इंजिन दिसतं, आणि खालचे-वरचे दांडे वेगवेगळ्या लयीत हलताना दिसतात.

प्रत्येक डब्याच्या टोकाला ब्रेकवाला उभा असतो, हातात झेंडी. इंजिन मागं असल्यानं पुढचा रूळ ड्रायव्हरला दिसत नाही. पुढच्या डब्यावरचा माणूस झेंडी दाखवतो, ती एकेका डब्यावरून मागं पोचते. ही झेंड्यांची साखळी मला ह्या गाडीतली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट वाटते, आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं.

सावध: मेट्टुपालयम ते उटी ह्या पूर्ण मार्गावर सोळा बोगदे आहेत आणि भिंती अगदी जवळून जातात. हात, डोकं, मोबाईल आत. बोगदा यायच्या आधी खिडकी लावा.

## टप्पा ९: पाण्याचे थांबे

चढताना इंजिन वाटेत पाणी पितं. हिलग्रोव्ह हा मोठा थांबा, पुढं रनीमेडला पुन्हा. हिलग्रोव्हला गाडी थांबली की सगळी माणसं चहाच्या टपरीकडं धावतात. चहा एकानं आणावा, बाकीच्यांनी इंजिनाकडं जावं. वेळ थोडाच असतो.

फायरमन टाकीवर चढतो, पाण्याचा पाइप टाकीच्या तोंडात घालतो. तोवर ड्रायव्हर खाली उतरून फेरी मारतो आणि बेअरिंगांना हाताची उलटी बाजू लावून बघतो. जास्त गरम लागलं तर तिथंच कळतं. तात्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर त्याच सवयीचे दोन जुने डाग होते.

हिलग्रोव्हची माकडं डब्यात शिरून पिशवी उचलतात. खाण्याचा डबा बंद, खिडकी बंद, आणि एक माणूस आत.

जंगलात गाडी थांबली तरी उतरून रुळांवरून चालू नका. कल्लारच्या वरच्या भागात हत्ती रूळ ओलांडतात.

## टप्पा १०: कुन्नूर, इंजिन सुटतं तेव्हा

कुन्नूरला पोचल्यावर घाईनं बाहेर पडू नका. इथं वाफेचं इंजिन सुटतं आणि उटीकडं जाण्यासाठी डिझेल लागतं. पाच मिनिटांचं हे काम फलाटाच्या टोकाला उभं राहून नीट दिसतं. शंटिंगवाला दोन डब्यांच्या मध्ये वाकतो, कपलिंग ढिलं करतो, नळ्या सोडतो, बाहेर येऊन हात वर करतो. हात वर झाल्याशिवाय इंजिन तसूभर हलत नाही. मग ते एकटंच, हलकं झाल्यासारखं, शेडकडं जातं.

आता परवानगीचं पत्र काढा आणि स्टेशन मास्तरांकडं चला. आत सोडलं तर एवढं पाळा: बरोबर दिलेल्या माणसाच्या पुढं जाऊ नका. जमिनीतल्या खड्ड्यांपासून दूर राहा, त्यांच्यावर इंजिन उभं करून खालून काम करतात. कशालाही हात लावू नका, बंद दिसणारं इंजिनही तासन्‌तास तापलेलं असतं. फोटोला वेगळी परवानगी विचारा.

वेळ दहा मिनिटांचा असेल तर सुट्या करून ठेवलेल्या दातेरी चाकापाशी थांबा. गाडीत असताना ते कधीच दिसत नाही. दात किती झिजलेत ते बघा, आणि किती झिजल्यावर बदलतात हे तिथल्या फिटरलाच विचारा.

शेडच्या लोकांना पैसे देऊ नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं. आम्ही कुंद्याचा एक डबा नेला होता, तो सगळ्यांनी मिळून खाल्ला. घरी आल्यावर काढलेले फोटो छापून शेडच्या पत्त्यावर टपालानं पाठवले.

## टप्पा ११: परत

कुन्नूरहून उटी तुमच्या वाहनानं. उटीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी गुडलूरमार्गे म्हैसूर. हाही रस्ता मुदुमलै आणि बंडीपूरच्या जंगलातून जातो आणि रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. उटीत दुपारचं जेवण झालं की लगेच निघा, म्हणजे उजेडातच गुंडलुपेट गाठता येतं.